बारा ते दोनचा पहारा

मार्गशीर्षातली थंडी, दत्तजयंतीचा सप्ता, रात्रीचे अडीच आणि गळ्यात वीणा. माझा पहारा बारा ते दोन होता. दोनला येणारा माणूस आलाच नव्हता. गावाकडचा सप्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, सात रात्री ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असतेच; एकानं उतरवायची ती दुसऱ्यानं घालायची, मध्ये जमीन नाही. मांडवात पंधरा-वीस माणसं गोधड्या डोक्यावरून घेऊन झोपलेली, पखवाज गवसणीत, समईच्या वातीवर काजळी धरलेली, आणि एक कुत्रं खुशाल माझ्या चपलांवर वेटोळं करून पडलेलं. फरशीचा गारवा तळव्यांतून चढत गुडघ्यापर्यंत आला होता. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ मी साडेबारापर्यंत मोठ्यानं म्हटलं, दीडपर्यंत मध्यम आवाजात, आणि दोननंतर नुसते ओठ हलत होते. आत चाललं होतं ते वेगळंच. कोण आहे हा माणूस? पहाऱ्याचा तक्ता खांबावर चिकटवलेला होता, त्यावर त्याचं नाव दिसत होतं. जाऊन वाचता येईल इतक्या जवळ होतं, आणि मी जाऊन वाचलंही. दोनदा.

तीन झाले. साडेतीन झाले. कुणाला तरी उठवावं असं मनात आलं, पण उठवलं नाही. आता वाटतं, तो काही चांगुलपणा नव्हता. उठवलं असतं तर चार तास उभा राहिल्याचा हिशोब साडेतीनलाच मोडला असता. चारच्या सुमाराला काकड्याची मंडळी खोकत, मफलर सोडत आली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या पाया पडून वीणा घेतली, मी त्यांच्या पाया पडलो, त्यांनी तारेला बोट लावलं आणि सूर धरला. बस. ‘तुम्ही कधीपासून उभे आहात?’ असं कुणीही विचारलं नाही. मी जरा रेंगाळलोसुद्धा. मान चोळली, पाय झटकले, कुणाच्या तरी नजरेला नजर मिळते का बघितलं. कुणी बघितलं नाही.

हेच मला खुपलं. इतके दिवस झाले तरी खुपतं आहे.

खुपायला कारण आहे. गेल्या वर्षी मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सत्तावन्नाव्या वर्षी, तीन वर्षं शिल्लक असताना. निरोप समारंभात शाल-नारळ घेऊन भाषण केलं, आणि त्यात मोठ्या ऐटीत म्हणालो, “आता फळाची अपेक्षा नाही, आता कर्माचीही नाही.” टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, तुम्ही सोडलंत ते ठीक. पण माझा दुपारचा एक चहा वाढला, आणि दुपारची झोप गेली.” मी हसण्यावारी नेलं. पुढं बृहदारण्यक उपनिषदातली याज्ञवल्क्य ऋषींची गोष्ट वाचताना हे वाक्य आठवलं. ते घर सोडून निघताना दोन बायकांमध्ये वाटणी करायला बसतात. मैत्रेयी विचारते, जे घेऊन मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? मग तिला आत्म्याचा उपदेश मिळतो आणि तो संवाद अजरामर होतो. दुसरी कात्यायनी. तिला कुणी काही विचारत नाही, ती काही बोलत नाही. घरातलं जे काही होतं ते बहुधा तिनंच सांभाळलं असणार, कुणीतरी सांभाळलंच असणार ना. संन्यासाच्या गोष्टी आपण नेहमी निघून जाणाऱ्याच्या बाजूनं ऐकतो.

तर मी नोकरी सोडली. आणि तीन महिन्यांनी जुन्या शाखेत एका कामाचं निमित्त काढून गेलो. काम फोनवर होण्यासारखं होतं. मला बघायचं होतं, माझ्यावाचून काही अडलंय का. थकीत कर्जांच्या पाठपुराव्यासाठी मी एक वही सुरू केली होती, रंगीत खुणांची, तिचा मला अभिमान होता. ती वही कुठंच दिसली नाही. नव्या मुलीनं चहा दिला, “सर, कसं चाललंय?” विचारलं, आणि दोन मिनिटांत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. काम उत्तम चाललं होतं. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत. नेमून आलेलं काम मोहापायी सोडलं तर तो तामस. त्रासाचं आहे, शरीराला कष्ट होतात, या भीतीनं सोडलं तर राजस. आणि करायलाच हवं म्हणून केलं, पण आसक्ती आणि फळ टाकून केलं, तो सात्त्विक. राजसाबद्दल श्लोक म्हणतो, ‘नैव त्यागफलं लभेत्’, असं सोडणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही. (म्हणजे त्यागालाही फळ असतंच तर. हे वाचून मला आधी बरं वाटलं आणि लगेच वाईट.) माझी पाठ दुखत होती, टार्गेटांचा कंटाळा आला होता, दर तिमाहीला पोटात गोळा यायचा. ‘कायक्लेशभयात्’ हा शब्द जणू माझ्या अर्जाची प्रत समोर ठेवून लिहिलेला. आणि सोडलं तरी काय? काम सोडलं, फळ खिशात ठेवून आलो.

आमच्या गावापासून नेवासं फार लांब नाही. लहानपणी आजोबा सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. प्रवरेच्या काठी तो दगडी खांब, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली असं परंपरा मानते. मी त्या खांबाला हात लावायचो. उन्हाळ्यात वर मांडव तापलेला असला तरी दगड आतून गार लागायचा, एवढंच कळायचं. ‘शके बाराशतें बारोत्तरें’ ही ओवी मात्र तेव्हापासून पाठ. इसवी सनात धरलं तर १२९०. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, हेही त्याच ओवीत आहे. नऊ हजारांवर ओव्या एका माणसानं ऐकत ऐकत उतरवून घेतल्या, त्याचं बोट कधी अवघडलं असेल का, हा प्रश्न मात्र मला सप्त्यातल्या त्या रात्रीनंतरच पडला.

त्या सकाळी झोप नव्हतीच. आंघोळ करून ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी. समोर लाकडी घोडी, तिच्यावर पोथी, शेजारी गावातल्या बायका ओळीनं बसलेल्या, व्यासपीठावरून एकेक ओवी पुढे सरकते आहे आणि सगळ्यांचा आवाज एकमेकांत मिसळून मधमाश्यांसारखा घुमतो आहे. पाचवा अध्याय लागला. तो सुरूच होतो अर्जुनाच्या कुरकुरीनं. तुम्ही एकदा कर्माचा संन्यास म्हणता आणि एकदा योग म्हणता, यातलं जे चांगलं ते एक काय ते नक्की सांगा. ऑफिसात साहेबांच्या दोन उलटसुलट परिपत्रकांनी वैतागलेल्या माणसाचा हा स्वर मला फार जवळचा वाटतो. आणि मग पेंगत पेंगत वाचताना ही ओवी आली:

‘आणि मी माझें ऐसी आठवण । विसरलें जयाचें अंतःकरण । पार्था तो संन्यासी जाण । निरंतर ॥’

तिच्यामागून दोनच ओव्यांनी, ‘आतां गृहादिक आघवें । तें कांहीं नलगे त्यजावें’. घरदार वगैरे काही सोडायला नको. हे मी आधी कितीदा वाचलं असेल. पण तेव्हा एकदम डोक्यात आलं, की हे सांगतोय कोण? ज्याच्या बापानं घर सोडून संन्यास घेतला होता, तो मुलगा. विठ्ठलपंत काशीला गेले, संन्यास घेतला. आळंदीत रुक्मिणीबाई सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. गुरूंना खरं कळल्यावर त्यांनी शिष्याला परत संसारात धाडलं. मग चार मुलं, वाळीत टाकलेलं घर, आणि शेवटी देहान्त प्रायश्चित्त. मुलांची नावं निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई. संन्याशाची पोरं म्हणून ज्याला दारातून हाकललं, तो वयाच्या विशीच्या आत सांगतो की घर सोडावं लागत नाही. त्यात बापावर राग नाही, गावावर नाही. मला तरी ओवीत कुठं सापडला नाही. पण ‘कांहीं नलगे त्यजावें’ म्हणताना त्याच्या मनात काय असेल, हे विचारल्यावाचून मला पुढची ओवी वाचवेना. शेजारच्या काकूंनी पोथीवर बोट ठेवून मला ओळ दाखवली. त्यांना वाटलं माझा डोळा लागला.

पुढची ओवी राखेची आहे. अग्नी विझून नुसती राखुंडी उरली, की ती कापसातसुद्धा गुंडाळता येते. आमची आजी रात्री चुलीतला एक जाड निखारा राखेखाली झाकून ठेवायची. वरून बघितलं तर सगळं विझलेलं, करडं, थंड. पहाटे ती राख फुंकणीनं बाजूला करायची, आत लालबुंद, आणि दोन काटक्यांत चूल पेटायची. काडेपेटी वाचायची. निवृत्तीनंतरच्या माझ्या वर्षाचं याहून खरं वर्णन मला करता येणार नाही. ती राख कापसात गुंडाळली असती तर घर पेटलं असतं.

आजीचीच आणखी एक गोष्ट. काशीला जाऊन आलं की आवडीची एखादी वस्तू सोडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. धूर्त लोक कारलं किंवा दुधी सोडतात. आजीनं आंबा सोडला. खरोखरीचा, मनापासून आवडणारा. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली आणि बावीस उन्हाळे तिनं आंब्याला तोंड लावलं नाही. पण आढीत आंबे लावायची तीच. गवतात हात घालून, न बघता, नुसत्या बोटांनी कोणता पिकलाय ते सांगायची. परातीत रस काढायची, कोयी पिळून पांढऱ्या करायची, आम्हाला वाट्या भरून द्यायची, आणि हात धुवायच्या आधी एकदा, अगदी एकदाच, बोटं नाकाशी न्यायची. मला ते माहीत होतं. मी कधी बोललो नाही. ‘विषया विनिवर्तन्ते निराहारस्य देहिनः, रसवर्जं’ हे पुढं वाचलं तेव्हा त्यातल्या ‘रसवर्जं’ला माझ्यापुरता आंब्याचा वास आला. न खाणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी तेवढी मागं राहते. गीता म्हणते, ती गोडीही परतत्त्व दिसल्यावर जाते. आजीची गेली नाही. आणि खरं सांगतो, तिची गेली नाही याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. तो वास घेणारी आजी मला जास्त आवडते.

ज्ञान मोठं की कर्म, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद चालू आहे. शंकराचार्य म्हणतात, कर्मानं चित्त शुद्ध होईल, पण मोक्ष ज्ञानानंच. दोरीवर भासलेला साप काठीनं मरत नाही, दिवा आणावा लागतो. आणि एकदा दिवा आल्यावर काठीचं काम काय? टिळकांचं म्हणणं बरोबर उलट्या टोकाचं. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी करत राहायचं, गीतेचं सांगणं हेच. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीनं हे सगळं लिहून काढलं, १९१५ साली ते छापून आलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एकेक अध्याय सांगत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. ज्यांचं सगळं बाहेरचं काम सरकारनं बंद पाडलं होतं, ते भिंतीआड बसून कर्माबद्दल बोलत होते, याची मला मोठी गंमत वाटते. तरुणपणी मी या वादात हिरिरीनं टिळकांच्या बाजूनं भांडायचो. आता लक्षात येतं की हे भांडण ज्ञान झाल्यानंतरचं आहे. ज्ञानी माणसानं काम करावं की करू नये. ती अडचण माझ्यापुढं अजून आलेली नाही.

माझी अडचण दोन ते चारची होती.

दहाच्या सुमाराला पारायणाची मधली सुट्टी झाली. चहाच्या पातेल्यापाशी उभा होतो, तर तक्त्यावरच्या नावाचा माणूस समोर. मी ओळखत नव्हतो. कुणीतरी हाक मारली म्हणून कळलं. पन्नाशीचा, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळून पांढरा पडलेला, डोळे माझ्यासारखेच तांबडे. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. रागाचं नको, पण कळायला तर हवं. तोवर तोच म्हणाला, “काल तुमच्या मागं माझाच पहारा व्हता, भाऊ. यकला लाइट आली. कांद्याला दारं धराया गेलतो.”

मी विचारलं, “रात्रभर?”

“न्हाय, चारला गेली लाइट. म्हनलं, आता काकड्यालाच जावं. पन कपडे वल्ले व्हते.”

शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, हे मला माहीत होतं. गावाचाच आहे मी. पण वर्षानुवर्षं पुण्यात राहिल्यावर अशा गोष्टी माहीत असतात आणि आठवत नाहीत. मी कोरड्या फरशीवर उभा राहून माझे तास मोजत होतो, त्या वेळी हा माणूस दोन फर्लांगांवर, घोट्याएवढ्या गार पाण्यात, एका वाफ्याचं दार मोडून दुसऱ्याचं धरत उभा होता. शेजारी ऊस. उसात बिबट्या असतो, म्हणून एका हातात बॅटरी. त्यालाही कुणी बघत नव्हतं. कांद्याला काय भाव मिळेल हे त्याला माहीत नव्हतं; आमच्याकडे कुणालाच माहीत नसतं. त्याला मी हे काही म्हणालो नाही. फळाची आशा न धरणारा कर्मयोगी वगैरे म्हटलं असतं तर तो हसला असता, आणि हसायलाच हवं होतं. त्याला फळ हवंच आहे. त्याच्यावर सोसायटीचं कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे. शेतकऱ्याच्या नाइलाजाला निष्काम कर्म म्हणणं ही भरल्या पोटाची चूक आहे, आणि ती करायचा मोह मला चहा संपेपर्यंत होत होता.

तरी एक गोष्ट होती. सांगताना त्याच्या आवाजात काही नव्हतं. माफीही नव्हती, तक्रारही नव्हती, ‘बघा मी किती राबतो’ तर मुळीच नव्हतं. लाइट आली, गेलो. वाक्य तिथंच संपत होतं. माझं वाक्य कधी तिथं संपत नाही. माझ्या वाक्याला नेहमी पुढं एक शेपूट असतं, आणि त्या शेपटात ‘मी’ असतो. अठराव्या अध्यायात कुठल्याही कामाची पाच कारणं सांगितली आहेत: जागा, कर्ता, साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. पाचांतला एक कर्ता. माझ्या त्या चार तासांत मंदिराची फरशी होती, मी होतो, वीणा होती, हलणारे ओठ होते, आणि पाचवं कारण वीजमंडळाचं वेळापत्रक. पाचवा हिस्सा माझा. मी सोळा आणे वसूल करायला निघालो होतो.

नंतरच्या रात्री तो वेळेवर येत गेला. अंगाला ओल्या मातीचा आणि बिडीचा वास. पाया पडायचा, वीणा घ्यायचा, पट्टा आपल्या मापाचा करायचा. पाचव्या रात्री मात्र दोनला येऊन उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा मांडवाबाहेर बघायला लागला. पलीकडे मोटारीच्या खोलीवरचा दिवा लागला होता. “लाइट आली का?” मी विचारलं. तो काही बोलला नाही. मी म्हणालो, “जावा तुम्ही, मी आहे.” तो गेला. मी पुन्हा चारपर्यंत. या वेळी मनात शांतता होती म्हणाल, तर होती. सुमारे वीस मिनिटं. मग आतून हळूच आवाज आला, बघ, जमलं की तुला. आणि तो आवाज ऐकून मला एकट्याला त्या मांडवात हसू फुटलं. कुत्र्यानं मान वर केली आणि परत खाली टाकली. कुणी बघितलं नाही म्हणून कुरकुरलो ते वेगळं, आणि आता कुणी न बघताही चाललं म्हणून स्वतःच स्वतःला शाबासकी देत होतो. वर आज हे सगळं तुम्हाला लिहून सांगतोच आहे.

काल्याच्या दिवशी कीर्तन झालं, हंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला हातावर आला, आणि पंगती बसल्या. माइकवरून देणगीदारांची नावं चालू झाली. मी ५,००१ दिले होते. नावं गावच्या क्रमानं होती, मग बाहेरगावची, मग पुण्याची. मी मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकत होतो. ऐकत नव्हतो असं म्हणण्यात अर्थ नाही. माझं नाव आलं. आडनाव बरोबर, माझं नाव बरोबर, वडिलांचं नाव चुकलेलं. आमच्या चुलत्यांचं नाव घातलं होतं. मी पावती खिशातून काढली आणि माइकच्या दिशेनं निघालो. एवढ्यात कुणीतरी माझ्या हातात आमटीची बादली दिली. बघतो तर तोच, दुसऱ्या हातात भाताची पाटी, घाईत, माझ्याकडे नीट न बघता. “भाऊ, ही ओळ तुमची.” बादली गरम होती, कडी बोटांत रुतत होती, पावती दातांत धरावी की खिशात घालावी ते सुचेना. पहिल्या पत्रावळीपाशी वाकलो. माइकवर कुणाचं तरी नाव चालू होतं, मागच्या ओळीतून बायका हाका मारत होत्या, इकडे आमटी, अहो इकडे, पातळ नको, खालून घाला.